जाड काँक्रीटला गार पाणी नको

सिमेंट जितके जास्त तितके काँक्रीट पक्के आणि वरून पाणी जितके भरपूर तितके ते निर्धोक, ही बांधकामावरची सर्वमान्य समजूत. घराच्या स्लॅबपुरती ती खपून जाते. धरण, पुलाचा पाया किंवा उंच इमारतीचा दोन-तीन मीटर जाडीचा राफ्ट यांच्या बाबतीत मात्र ती घातक आहे.

सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतून उष्णता निघते. ती आतच कोंडली, तर घनमीटरमागे दर 100 किलो सिमेंटला तापमान साधारण 10 ते 12 अंशांनी चढते. 30 अंशांवर ओतलेल्या, 400 किलो सिमेंटच्या राफ्टचा गाभा म्हणूनच 70 अंशांपर्यंत पोचतो. शिवाय जाडी दुप्पट झाली की निवायला चौपट वेळ लागतो. पृष्ठभाग निवून आकसू पाहतो, फुगलेला गाभा त्याला आकसू देत नाही. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम दहावा हिस्सा असल्याने पृष्ठभाग तडकतो. गाभा आणि पृष्ठभाग यांतील फरक 20 अंशांच्या आसपास रोखण्याचा दंडक त्यातूनच रूढ झाला.

शटरिंग काढताच तापलेल्या काँक्रीटवर गार पाणी सोडले की हा फरक वाढतो. पृष्ठभाग ओला हवाच, पण उबदारही हवा. ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिक आणि त्यावर थर्मोकोल अंथरणे हा योग्य मार्ग. सळया वाढवल्याने भेगा टळतात, हेही खरे नाही. सळई एका रुंद भेगेऐवजी अनेक बारीक भेगा पाडते, एवढेच.

खरा उपाय काँक्रीट ओतण्याआधीच सुरू होतो: सिमेंटचा काही भाग वगळून औष्णिक केंद्राची राख किंवा स्लॅग, पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा, सावलीत ठेवलेली खडी. राखेने ताकद उशिरा येते, हा आक्षेप रास्त आहे. पण अशा बांधकामावर पूर्ण भार यायला कित्येक महिने लागतात, तेव्हा 28 दिवसांऐवजी 56 किंवा 90 दिवसांची ताकद धरण्यात काहीच बिघडत नाही.

अमेरिकेतील हूव्हर धरणाचे काँक्रीट 1933 ते 1935 या काळात वेगवेगळ्या ठोकळ्यांत, पाच-पाच फुटांच्या थरांनी ओतले गेले. प्रत्येक थरात इंचभर व्यासाच्या पोलादी नळ्या टाकून आधी नदीचे, मग शीतयंत्रातले पाणी खेळवले. काँक्रीट निवल्यावर नळ्या आणि ठोकळ्यांमधल्या फटी ग्राउटने भरल्या. हे धरण एकसंध ओतले असते, तर निवायला 125 वर्षे लागली असती, असा तेथील अभियंत्यांचा हिशेब होता.

जाड पायाच्या निविदेत काँक्रीटच्या ग्रेडइतक्याच ठळकपणे ओततानाचे कमाल तापमान आणि गाभ्यात बसवायच्या थर्मोकपलची अट असलीच पाहिजे.