भिंत ओळखा, मग ड्रिल घ्या

हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मशीन घ्यायला गेलेला ग्राहक बहुतेक वेळा पहिला प्रश्न वॅटचा विचारतो. पाचशेचे दाखवले की सातशेचे मागतो, सातशेचे हातात आले की नजर हजाराच्या खोक्यावर जाते. पुण्यातली बोहरी आळी असो की मुंबईतली नागदेवी स्ट्रीट, वॅट जास्त म्हणजे मशीन चांगले हा समज सगळीकडे पक्का आहे. त्यापायी अडीच हजारांत भागणारी खरेदी पाच-सहा हजारांवर जाते आणि एवढे करूनही घरातले भोक वाकडेच पडते. दुकानात पहिला प्रश्न वेगळा हवा, आणि तो दुकानदाराने ग्राहकाला विचारायला हवा. तुमच्या घराची भिंत कशाची आहे?

महाराष्ट्रात याचे उत्तर एकच नाही. जुन्या वाड्यांत मातीची किंवा चुन्यात बांधलेल्या विटांची भिंत भेटते, कोकणात आणि गोव्यात जांभा. नंतरच्या बहुतेक इमारतींत सिमेंटच्या गिलाव्याखाली भाजलेली वीट असते. अलीकडच्या सोसायट्यांत मात्र दोन नव्या भिंती आल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एक भिंत हलक्या ब्लॉकची. गवंड्यापासून बिल्डरपर्यंत सगळे त्याला सिपोरेक्स म्हणतात. त्याचे वजन घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, म्हणजे कोरडा ब्लॉक पाण्यात टाकला तर तरंगतो. दुसरी भिंत मिवान पद्धतीची. तिच्यात अॅल्युमिनियमचे साचे उभारून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे घरातली जवळजवळ प्रत्येक भिंत सळईसकट काँक्रीटची होते. सिपोरेक्सवर घराच्या किल्लीनेही ओरखडा उठतो. काँक्रीटसमोर मात्र दोन हजारांचे मशीन किंचाळत राहते, बिट लालभडक तापतो आणि भोक सेंटिमीटरभरही आत जात नाही.

आपली भिंत कुठली, हे भुकटी सांगते. कपाटामागे, कुणाच्या नजरेस न येणाऱ्या जागी एक लहान भोक पाडून पाहावे. गिलावा संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट, पांढरट आणि भरभर आली तर सिपोरेक्स. करडी, पिठासारखी बारीक आणि अगदी सावकाश आली तर काँक्रीट. मध्येच बिट थबकला आणि धातूचा आवाज आला तर ती सळई आहे. तिथे जोर न लावता भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्यावे. सळई कापणे इमारतीच्या हिताचे नाही.

मशीन कुठले घ्यायचे, हे या भुकटीवर ठरते. दुकानात इम्पॅक्ट ड्रिल म्हणून जे मिळते, त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास बारीक ठोके बसतात. ठोके पुष्कळ, पण एकेका ठोक्यात जोर थोडा, आणि तोही मागून रेटा दिला तरच. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतला हातोडा पुढे ढकलते. तिथे मिनिटाला चार-पाच हजारच ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका काँक्रीट फोडतो आणि माणसाला अंगाचा भार घालावा लागत नाही. हा फरक वॅटच्या आकड्यात दिसत नाही. ७५० वॅटचे इम्पॅक्ट ड्रिल काँक्रीटमध्ये अडून बसते, तिथून ६०० वॅटचा साधा रोटरी हॅमर सहज पुढे जातो.

म्हणून विटेच्या, जांभ्याच्या किंवा सिपोरेक्सच्या घराने मोठ्या आकड्यामागे धावू नये. ५०० ते ६५० वॅटचे, १० किंवा १३ मिलीमीटर चक असलेले इम्पॅक्ट ड्रिल अशा घराला पुरून उरते, आणि नावाजलेल्या कंपनीचे असे मशीन साधारण दोन-तीन हजारांत येते. ट्रिगर जितका दाबावा तितका वेग वाढतो का, हे दुकानातच प्लग लावून पाहावे. एकाच वेगाने सुटणारे मशीन नवशिक्याच्या हाती देऊ नये. ठोके बंद करून नुसते फिरवण्याचा खटका हवाच, कारण लाकूड, लोखंड, टाइल आणि सिपोरेक्स या चारही ठिकाणी ठोके नुकसान करतात. उलट फिरण्याची सोय असली की अडकलेला बिट बाहेर काढता येतो. माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर मशीनला दुहेरी इन्सुलेशन आहे, मग दोनच पिनांचा प्लग पाहून घाबरायचे कारण नाही. आतले कार्बन झिजतात. ते आपल्या शहरात मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारावे. बॅटरीवरचे १२ व्होल्टचे मशीन लाकडाला आणि सिपोरेक्सला उत्तम, पण वर्षातून दोनदाच बाहेर निघणार असेल तर बॅटरी पडून पडून म्हातारी होते.

मिवानच्या घरात राहणाऱ्याने मात्र रोटरी हॅमरच वापरावा, पण पडद्याच्या चार दांड्यांसाठी तो विकत घ्यायची गरज नाही. शहरांतल्या हार्डवेअरवाल्यांकडे तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. शंभर घरांच्या सोसायटीने एक घेऊन कार्यालयात ठेवला तर आणखी बरे. क्रिकेटचा संच आणि कॅरम ठेवणाऱ्या सोसायटीला हे जड नाही.

वाचलेले पैसे बिटांवर घालावेत. शंभर नगांची चकचकीत पेटी पाहून भुलू नये. तिच्यातले निम्मे बिट कधी वापरले जात नाहीत आणि उरलेले पहिल्याच विटेत बोथट होतात. टंग्स्टन कार्बाइडच्या टोकाचे ६ आणि ८ मिलीमीटरचे दोन चांगले बिट, लोखंडासाठी एचएसएसचे दोन-तीन आणि लाकडासाठी मध्ये अणकुची असलेले दोन, एवढ्यावर बहुतेक घरांची वर्षे निघतात. विटेचा बिट लाकडात किंवा लाकडाचा भिंतीत घालणे हे सर्रास घडते, आणि दोष मशीनला दिला जातो.

इथवरचा भाग पैशांचा. खरा प्रश्न हाताचा आहे, आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष दिलेले नाही.

पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ साली मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्याच कंपनीने घरगुती वापराचे स्वस्त ड्रिल बाजारात आणले. कारखान्यातले हत्यार असे घरात आले, पण त्याच्यामागची उमेदवारी घरात आली नाही. आपल्याकडे सुताराचा मुलगा भोके पाडायचा सामता धरायला वडिलांच्या शेजारी बसून शिके. आयटीआयमध्ये फिटरच्या विद्यार्थ्याला ड्रिलला हात लावण्याआधी गुण्याने आखायला आणि पंचाने खूण करायला शिकवतात. घरी मशीन आणणाऱ्याला मात्र असे काहीच न शिकता थेट बैठकीच्या भिंतीवर उभे केले जाते.

भोक वाकडे गेल्याने काय बिघडते, याचा हिशेब सोपा आहे. ५० मिलीमीटर खोल भोकात मशीन फक्त ५ अंशांनी कलले तरी बिटाचे टोक आत चार मिलीमीटरहून जास्त सरकते. फळीच्या दोन ब्रॅकेटांची भोके उलट दिशांना कलली की स्क्रू तिरपे बसतात, भोकातला प्लास्टिकचा प्लग एका अंगाने दाबला जातो आणि पुस्तकांचा भार आला की गिलाव्याचे पोपडे घेऊन फळी खाली येते.

सरळ भोकाची सुरुवात मशीन चालू होण्याच्या आधीच होते. पेन्सिलीने ठिपका न काढता फुली काढावी, म्हणजे बिट टेकवल्यावरही चारही टोके दिसत राहतात. दोन भोके एका पातळीत हवी असतील तर पाणसळ लावून रेघ मारावी, वर-खाली हवी असतील तर ओळंबा सोडावा. लोखंडावर पंचाची खूण हवीच. टाइलवर चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही, मात्र टाइल पार होईपर्यंत ठोके बंदच ठेवावेत. चकला तीन भोके असतात. किल्ली एकाच भोकात पिळून बहुतेक जण मोकळे होतात. ती तिन्ही भोकांत फिरवून आवळली तर बिट मध्यावर घट्ट बसतो. मग मशीन हवेत चालवून टोक लडबडते का, ते पाहावे.

उभे राहण्यालाही पद्धत आहे. कोपर, मनगट आणि बिट एका सरळ रेषेत यायला हवेत. भोक डोक्याच्या वर असेल तर हात ताणण्यापेक्षा स्टूल घ्यावे. आपला डोळा डावी-उजवीकडचा कल लगेच पकडतो, वर-खालचा मात्र मशीनच्या मागे उभे राहून दिसतच नाही. त्यासाठी कारागिरांची एक युक्ती आहे. बिटाच्या दांड्यावर एक सैल वॉशर अडकवायचा. भोक पडताना तो चककडे सरकू लागला तर मशीनची मागची बाजू खाली गेलेली असते, भिंतीकडे पळाला तर वर. जागेवर राहिला की मशीन आडवे सरळ आहे. लाकडाची फळी आडवी ठेवून भोक पाडताना जुनी सीडी कामी येते. ती मधल्या भोकातून बिट जाईल अशी फळीवर ठेवली की तिच्यात बिटाचे प्रतिबिंब दिसते. बिट आणि प्रतिबिंब एका रेषेत दिसले, तेही दोन बाजूंनी पाहून, तर काटकोन साधला. आणि हे काहीच जमत नसेल, तर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्टँडच्या ड्रिलवर सागाच्या एका ठोकळ्यात ६ मिलीमीटरचे सरळ भोक पाडून घ्यावे. तो ठोकळा भिंतीला टेकवून धरला की बिटाला कलायला जागाच राहत नाही.

सुरुवात मंद वेगाने, ठोके बंद ठेवून. बिट अर्धा सेंटिमीटर आत गेला की मार्ग ठरतो, मग विटेत किंवा काँक्रीटमध्ये ठोके चालू करावेत. मधूनमधून बिट फिरता ठेवूनच बाहेर ओढावा, म्हणजे भुकटी निघते. खोलीची खूण म्हणून बिटावर टेप गुंडाळावी. आतला गिलावाच १२ ते १५ मिलीमीटर जाड असतो. प्लग त्याच्याही पलीकडे, विटेत पोहोचला पाहिजे. सिपोरेक्सला लांब आणि त्याच्याचसाठी बनवलेला प्लग लागतो.

चष्मा आणि मास्क यांत तडजोड नको. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते, आणि रोज हेच काम करणारे मजूर बहुधा मास्कशिवाय दिसतात, ही शरमेची गोष्ट आहे. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली, तसेच नळाच्या रेषेत भोक पाडू नये, कारण वायर आणि पाइप तिथूनच जातात. ज्या खोलीत काम असेल तिचा एमसीबी बंद करावा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी.

हे सगळे एका दुपारी शिकता येते, मात्र कुणीतरी शिकवायला हवे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेतल्या मुलामुलींना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायला देणारा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत नेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले, त्यात सुतारकामाचा आणि विजेच्या कामाचा उल्लेख आहे. त्या दहांतला एक दिवस गुण्या, पाणसळ आणि ड्रिलला द्यावा, आणि मशीन मुलींच्या हातातही द्यावे. अजूनही कित्येक घरांत बाईला भिंतीवर एक खिळा हवा असेल तर रविवारची वाट पाहावी लागते, हे थांबायला हवे.

मोठ्यांसाठी सोसायट्यांनी जवळच्या आयटीआयमधल्या निदेशकांना एखाद्या रविवारी मानधन देऊन बोलवावे आणि प्रत्येक घरातल्या एकाला मशीन हातात धरायला लावावे. सामान म्हणून दोन-चार विटा, सिपोरेक्सचा एक ब्लॉक आणि काँक्रीटचा एक ठोकळा लागेल. तिन्ही वस्तू कुठल्याही चालू बांधकामावर मिळतात.