ज्येष्ठांचा व्यायाम : नुसता सल्ला पुरेसा नाही

सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याची सुरुवात ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. त्याच वर्षी राज्याने ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’तून 65 वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये देण्याचे ठरवले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात आणि पाय डगमगू लागल्यावर काठी मिळते. पाय डगमगू नयेत म्हणून काय करायचे, हा प्रश्न आपण अजूनही ज्यांच्या त्यांच्यावरच सोडून दिला आहे.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेगाने चालणे म्हणजे मध्यम श्रम. शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. आपल्याकडे व्यायाम म्हणजे चालणे एवढेच समीकरण आहे, आणि पडणे टाळणारे पुढचे दोन प्रकार राहून जातात. शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार व्यायामाने ज्येष्ठांचे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटते.

‘आता या वयात काय उपयोग?’ असे अनेक जण विचारतात. अमेरिकेत 1990 मध्ये वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली. व्यायाम थांबल्यावर ती पुन्हा घटू लागली. म्हणजे उशीर कधीच झालेला नसतो, पण सातत्याला पर्यायही नसतो.

तरीही लोक व्यायाम का करत नाहीत? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही, स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. मीही अनेक वर्षे ओपीडीत ‘रोज चालत जा’ एवढे सांगून पुढचा पेशंट बोलवत असे. न चालणाऱ्यांना मनातल्या मनात आळशी ठरवत असे. गुडघेदुखीसाठी येणाऱ्या एका आजींनी मला जागे केले. ‘डॉक्टर, चालू कुठं? फुटपाथवर गाड्या, रस्त्यावर कुत्री. पडले तर करणार कोण माझं?’ त्यांच्या बोलण्यात आळस नव्हता, हिशेब होता. पण हाच हिशेब पुढे उलटतो. भीतीने हालचाल कमी होते, त्यामुळे स्नायू झिजतात आणि शेवटी घरातल्या घरात, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरतो.

त्यानंतर मी सांगण्याची पद्धत बदलली. साखर आणि रक्तदाबाच्या आकड्यांचा धाक फार दिवस टिकत नाही. त्याऐवजी ‘तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवे?’ असे विचारतो. कुणाला नातवाला शाळेत सोडायचे असते, कुणाला पूजेला खाली बसायचे असते, कुणाला वारीचा एखादा टप्पा चालायचा असतो. त्या आजींना कुणाचा हात न धरता एसटीत चढायचे होते. मग चिठ्ठीवर औषधांसोबत व्यायामही लिहून देतो : सकाळच्या चहानंतर, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा दहा वेळा उचलणे. रोजच्या ठरलेल्या गोष्टीला जोडलेला व्यायाम लक्षात राहतो. सोबत कुणी असले तर तो टिकतो. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप लागणे असा त्रास असलेल्यांनी मात्र आधी तपासणी करून घ्यावी.

घरच्यांचीही यात जबाबदारी आहे. ‘आई, तू बस, मी करते’ यामागे माया असते, पण त्या मायेने आईचे पाय दुबळे होतात. आणि ‘घरकाम हाच माझा व्यायाम’ म्हणणाऱ्या आजींचा ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यात होतोच असे नाही.

उरलेले काम सरकार आणि महापालिकांचे आहे. ओपन जिमची यंत्रे बसवली जातात, पण ती ज्येष्ठांनी कशी वापरायची हे सांगायला कुणी नसते. विरंगुळा केंद्रात आठवड्यातून दोनदा तासभर फिजिओथेरपिस्ट आला, आयुष्मान आरोग्य मंदिरांतील योगवर्गात खुर्चीवरचे आणि तोलाचे व्यायाम आले, फुटपाथ मोकळे झाले, वाटेत ठरावीक अंतरावर बाक आणि स्वच्छतागृह मिळाले, तर आमच्या अस्थिरोग वॉर्डातील काही खाटा नक्की रिकाम्या राहतील. पाच लाखांच्या कार्डाइतकीच ही तरतूदही ज्येष्ठांच्या हक्काची आहे. आपल्या नगरसेवकाला पुढच्या वेळी भेटाल, तेव्हा ती जरूर मागा.