स्मारकाचे पाहुणे

नागपूर शहराच्या पूर्वभागात नंदनवन नावाची वसाहत आहे. इंद्राच्या उद्यानाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीपासून सीताबर्डीचा किल्ला फार दूर नाही. परंतु तेथील मुलांना तो मनात येईल त्या दिवशी पाहता येत नाही. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. भोसल्यांचा पराभव झाला व पुढे इंग्रजांनी तेथे हा किल्ला बांधला. आज तो भारतीय सैन्याच्या ताब्यात असल्यामुळे प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन अशा मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडला जातो. त्या दिवशी तेथे आबालवृद्धांची रीघ लागते. जे दार क्वचित उघडते, त्याच्या उंबरठ्याचे मोल लोकांना आपोआप कळते.

अजिंठा, वेरूळ किंवा आग्र्याचा ताजमहाल यांची गोष्ट निराळी आहे. आठवड्यातील एक दिवस सोडला, तर ही दारे सदैव उघडी असतात. नागपूरचे अनेक प्रवासी सुट्टीत अजिंठ्याला जातात. मात्र जे सहज मिळते, त्याची किंमत माणूस सहज विसरतो. कोणी भिंतीवर आपले नाव कोरतो, कोणी चित्राला बोट लावून पाहतो. म्हणूनच काही विचारी माणसे विचारतात, की अशी अमोल स्मारके लोकांसाठी बंदच का करू नयेत?

हा प्रश्न वरवरचा नाही. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या वळणावर, कड्याच्या पोटात खोदलेली आहेत. त्यांपैकी सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. खडबडीत भिंतींवर माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप देऊन, त्यावर चुन्याचा पातळ थर चढवून कलावंतांनी ही चित्रे रंगविली. हा रंग ओल्या गिलाव्यात मुरलेला नसून सुकलेल्या पृष्ठभागावर बसलेला आहे. त्यामुळे साध्या स्पर्शानेही त्याचा कण निखळू शकतो. इतकेच नव्हे, तर गर्दीच्या श्वासातील दमटपणाही त्याला बाधतो. याच कारणाने तेथे छायाचित्रे घेताना प्रखर प्रकाश पाडण्यास मनाई आहे आणि प्रवाशांची वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडेच थांबविली जातात.

‘एका नावाने असे काय बिघडते?’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातच आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या रानात आला आणि झाडीत दडलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. त्यानंतर ती जगाला माहीत झाली. पण त्याच दिवशी त्याने आपले नाव व तारीख एका रंगविलेल्या खांबावर कोरून ठेवली! दोनशे वर्षे उलटली, तरी तो ओरखडा अजून बुजलेला नाही. चित्र काढणाऱ्या कलावंतांची नावे मात्र कोणालाही ठाऊक नाहीत. ज्यांनी निर्माण केले, ते अनामिक राहिले. ज्याने ओरबाडले, त्याचे नाव राहिले. अशा कीर्तीचा हेवा कोणी करावा?

तथापि, दारे बंद करणे हा खरा उपाय नव्हे. चित्र हे पाहण्यासाठी असते. जे लोकांनी कधी पाहिले नाही, त्यावर लोकांचे प्रेम जडत नाही. आणि ज्यावर प्रेम नाही, ते राखण्यासाठी कोणी झिजत नाही. कायद्याचे संरक्षण आहेच. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात, २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु प्रत्येक खांबापाशी पहारेकरी कोठून आणावा? तेथे पहारा करावा लागतो तो पाहणाऱ्याच्या स्वतःच्या मनाने. म्हणूनच १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली, तेव्हा देशाच्या समृद्ध वारशाचे जतन करणे हेही त्यांत एक कर्तव्य मानले गेले.

चांगला पाहुणा घरी जाण्यापूर्वी यजमानाची माहिती करून घेतो, घरातील वस्तूंची नासधूस करीत नाही आणि निघण्याची घाईही करीत नाही. स्मारकाच्या पाहुण्यानेही तसेच वागावे. एका दिवसात दहा स्थळे उरकण्यापेक्षा एकच स्थळ निवडावे; निघण्यापूर्वी त्याविषयी चार पाने वाचावीत; तेथे एका चित्रासमोर दहा मिनिटे निवांत उभे राहावे. असे पाहिलेले चित्र जन्मभर डोळ्यांसमोर राहते व त्यासाठी भिंतीवर खूण करण्याची गरज उरत नाही. स्मारकांची दारे पुढील पिढ्यांसाठी उघडी राहतील की त्यांना कुलपे लागतील, हे आज तेथे जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या वागण्यावर अवलंबून आहे.