पाय मिळाला, मिस्त्री कुठे आहे?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका घरी पडवीच्या खुंटीला मी एक पाय टांगलेला पाहिला. गुडघ्याखालचा, गव्हाळ रंगाचा, पाचही बोटं नीट कोरलेली. शेजारच्या खुंटीला सायकलची जुनी ट्यूब होती. घरधनी काखेत कुबडी धरून बैलांपुढे तणस टाकत होते. पाय वर का टांगला, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "पाय तं भेटला जी, पर ढिला झाला. मिस्त्री नाही भेटला." सायकलचा मिस्त्री त्यांच्या गावच्या चौकातच बसतो.

हा किस्सा गोंदियात चारचौघांत सांगितला की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं उत्तर असे पाय वाटायला शिबिर भरवणाऱ्या मंडळींचं. फुकटात पाय दिला, जाण्यायेण्याचं भाडं दिलं, जेवू घातलं, आता आणखी काय करायचं? या मंडळींची मी टवाळी करणार नाही. कोणीच फिरकत नव्हतं तेव्हा हेच लोक आले, आणि शिबिरातून उभा राहून बाहेर पडलेला माणूस मीही पाहिला आहे. माझा वाद त्यांच्या दानतीशी नाही, त्यांच्या समजुतीशी आहे. कृत्रिम पाय ही चादर किंवा शिलाई मशीन यांसारखी एकदा देऊन मोकळं होण्याची वस्तू आहे, अशी ती समजूत आहे.

पाय कापल्यावर जे थोटूक उरतं ते सुरुवातीला सुजलेलं असतं. पुढच्या वर्ष-दीड वर्षात सूज उतरते, स्नायू झिजतात, आकार बदलत राहतो. शिबिरात माप घेतलं त्या दिवशीची खोबण काही महिन्यांत सैल होते. मग आत एकावर एक मोजे चढवायचे. तेही पुरेनासं झालं की हाडाच्या टोकाशी घासायला लागतं, फोड येतो, आणि माणूस मधुमेही असेल तर त्या फोडातून तो पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जातो. मूल असेल तर त्याची उंची वाढते, पायाची वाढत नाही. खोबण बदलणं, पट्टा बदलणं, तळव्याचं रबर झिजलं की नवं बसवणं, चाल तिरकी पडली तर पायाचा कोन दुरुस्त करणं, ही कामं पाय बसवल्यानंतर आयुष्यभर चालतात. मांडव तर दुसऱ्या दिवशी उतरतो.

दुसरं उत्तर हिशेबी माणसांचं, आणि ते जास्त चिवट आहे. "आपला जिल्हा केवढा, त्यात पाय गेलेले किती? तेवढ्यांसाठी कायमचा माणूस ठेवायचा? तो बसून पगार खाईल." म्हणून हिशेबच करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये कृत्रिम अवयवांच्या सेवेची मानकं प्रसिद्ध केली. दहा लाख लोकवस्तीमागे पाच ते दहा तज्ज्ञ असावेत, असं त्यांत म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्हा १३ लाख २२ हजारांचा होता. म्हणजे निदान सहा-सात, चांगले म्हटले तर तेरा. संघटनेच्या ढोबळ अंदाजानुसार लोकसंख्येच्या अर्धा टक्का लोकांना कृत्रिम अवयव किंवा आधाराची साधनं लागतात. त्या मापाने जिल्ह्यात साडेसहा हजार माणसं होतात. यांत नुसते पाय गेलेलेच नाहीत. पोलिओचं कॅलिपर वापरणारे आहेत, अर्धांगवायूने पावलं लोंबलेले आहेत, वाकड्या पावलांनी जन्मलेली बाळं आहेत. पण या सगळ्यांचं काम त्याच कार्यशाळेत, त्याच हातांनी होतं. शिवाय शेजारच्या बालाघाटकडची माणसं उपचाराला गोंदियात येतात, हे इथल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलं तरी कळतं. बसून पगार खायला त्या तज्ज्ञाला वेळ मिळणार नाही.

आणि ही माणसं येणारच आहेत, कारण हातपाय जाण्याची कारणं आपण घरातच पाळली आहेत. धान चुरण्याच्या यंत्रात हात जातात. हे इतकं जुनं दुखणं आहे की देशाने त्यासाठी १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला. हावडा–मुंबई लाइन जिल्ह्याच्या मधून जाते, आणि रुळांवर काय होतं ते सांगायला नको. मधुमेह आता खेड्यातही आहे. पण माझ्या मते आपल्या जिल्ह्याने सर्वांत जास्त विचार करावा असं कारण बिडी आहे. उन्हाळ्यात आपलीच माणसं पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडतात, पुडके बांधतात, आणि त्याच पानात गुंडाळलेला तंबाखू पुढे कोणाच्या तरी पायाच्या रक्तवाहिन्या बुजवतो. लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ मध्ये या रोगाचं वर्णन केलं, म्हणून तो बर्गरचा रोग. तरुण आणि मध्यमवयीन पुरुष, आधी चालताना पोटरीत गोळे, मग बोट काळं पडणं, मग पाऊल, मग गुडघा. बिडी सुटली तर रोग बहुधा थांबतो, नाही सुटली तर तो इंच-इंच वर चढतो. खुंटीवरच्या त्या पायाचे धनी तीस वर्षं ओढत होते. पाय गेल्यावरही सोडली नव्हती. सोड म्हणून मागे लागायला, सोडताना सोबत करायला कोणी नव्हतं. तेही एक काम आहे, आणि त्यालाही माणूस लागतो.

तिसरं उत्तर मला सर्वांत जास्त चीड आणतं, कारण ते मायेच्या आवाजात येतं. "त्याला आता कशाला काम? पेन्शन लावून द्या, एखादी टपरी टाकून द्या." पाय गेला म्हणजे माणूस कामातून गेला, असं यात गृहीत धरलेलं असतं. आपल्या योजनाही अवयव मोजतात. शेतकरी अपघाताच्या राज्याच्या योजनेत एक अवयव गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर अंगठ्याला तीस टक्के, चार बोटांना पन्नास, असा बाजारभाव छापलेला होता. पण कमाई अवयवाच्या टक्क्यांनी जात नाही. सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडून डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराचा खटला सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालक म्हणत होता, एकच हात गेला, नुकसान अंशतः धरा. न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकी होत नाही, या माणसाचं नुकसान पूर्ण शंभर टक्के आहे. २०११ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने उलटी बाजूही स्पष्ट केली. डावा हात गेलेला चालक किंवा सुतार जवळजवळ सगळी कमाई गमावतो, पण सरकारी कारकुनाची नोकरी त्याच जखमेने जाईलच असं नाही.

आता हे आपल्या बांधीत आणून पाहा. गुडघ्याखालचा पाय गेलेली बाई रोवणीला उतरू शकत नाही. चिखलात कमरेत वाकून, मागे सरकत पऱ्हे लावायचं काम आहे ते. तिची मजुरी शंभर टक्के गेली. तीच बाई शिवणयंत्रावर, रेशनच्या दुकानाच्या हिशेबावर, दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत पूर्ण वेळ काम करू शकते. म्हणजे प्रश्न तिच्या पायाचा जेवढा आहे तेवढाच गावात कोणतं काम आहे याचा आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या, त्यांपैकी एक टक्का हालचालीचं अपंगत्व असणाऱ्यांसाठी. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढताही येत नाही आणि खालच्या पदावर ढकलताही येत नाही. हे चांगलंच आहे. पण राइस मिलचा हमाल कुठल्या आस्थापनेत मोडतो? त्याच्यासाठी आपण फक्त शब्द बदलला. अपंगाचा दिव्यांग केला. शब्दाने कोणाची खोबण घट्ट झाल्याचं ऐकिवात नाही.

प्रेरणेच्या गोष्टींबद्दल एवढंच. सुधा चंद्रन १९८१ च्या अपघातानंतर जयपूर फुटावर नाचल्या, अरुणिमा सिन्हा २०११ मध्ये रेल्वेखाली पाय गमावून दोन वर्षांत एव्हरेस्टवर पोचल्या. दोघींना नमस्कार. पण आमच्या माणसाला एव्हरेस्ट चढायचा नाही. त्याला धुऱ्यावरून पलीकडे जायचं आहे आणि सकाळी उकिडवं बसता आलं पाहिजे.

जयपूर फूट तर बनलाच मुळी या उकिडवं बसण्यासाठी. परदेशी पावलाला बूट लागत, ते वाकत नसे, चिखलात टिकत नसे. साठच्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या साथीने रबराचं असं पाऊल घडवलं की अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी, ओल्या शेतात उतरता यावं. रामचंद्र यांचं शाळेतलं शिक्षण बेताचंच होतं. १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला, रामचंद्रांना नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. चामडं, रबर, लाकूड, लोखंड हाताळणाऱ्या हातांना आपण कधी पाटावर बसवलं नाही, तर त्यांच्या कामाला धंदा म्हणून मान कसा मिळणार? कृत्रिम अवयवांचं काम हे डॉक्टरी आणि कारागिरी यांच्या मधलं काम आहे. आपल्याकडे या दोघांच्या मध्ये जात उभी असते, आणि ती जागा रिकामी राहण्यामागे पैशापेक्षा हे कारण मोठं आहे, असं मला वाटतं.

कोणाही हौशी माणसाने पाय बसवावेत, असं मात्र मी म्हणत नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद आली आणि या व्यवसायाला नोंदणी लागते. प्लास्टरचा साचा घेणं, तो भरून त्यावर कानशीने हाडाच्या जागा मोकळ्या करणं, तापवलेला एचडीपीई पाइप त्यावर ओढून घेणं, मग माणसाला उभं करून कोन लावणं आणि चालायला शिकवणं, यात चूक झाली तर तिची किंमत त्या माणसाची कातडी देते. या कामाच्या पदवीचा अभ्यास इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा आहे. आमगावच्या बारावी सायन्सच्या मुलीला विचारा, पुढे काय? नीट, नाहीतर जीएनएम, नाहीतर डी.फार्म. या पदवीचं नाव तिने ऐकलेलं नसतं. आणि गंमत पाहा, तिच्या जिल्ह्यातून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस मुंबईला जाते, जिथे हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. त्याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला, कलकत्त्याच्या बोनहुगलीत, याच विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. ही पदवी दोन्हीकडे मिळते. कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेसही गोंदियातूनच निघते आणि वाटेत पुण्याला थांबते, जिथे लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. एवढ्या गाड्या, आणि या कामासाठी एकही तिकीट नाही.

इथे शेवटचा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. शिकलेली मुलगी परत कशाला येईल? जागा नसेल तर येणार नाहीच, नागपुरात किंवा आखातात जाईल. पण जागेसाठी नवीन काही शोधायचं नाही. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राच्या केंद्र सरकारच्या जुन्या योजनेत प्रॉस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणारा तज्ज्ञ, आणि त्याच्या हाताखालचा तंत्रज्ञ ही पदं कागदावर लिहिलेली आहेत, फक्त मानधनावर. साडेचार वर्षं शिकलेल्या माणसाला मानधन म्हणजे निरोप समारंभाची आगाऊ पत्रिका. ही पदं वेतनावर घ्या आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडा. महाविद्यालय २०१६ पासून आहे, पाय तिथेही कापले जातात. पाय कापणारा आणि पाय बसवणारा एका व्हरांड्यात आले तर शल्यचिकित्सकालाही कळेल की हाड किती लांब ठेवलं तर खोबण नीट बसते. सोबत पायाच्या जखमा पाहणारी एक परिचारिका हवी. मधुमेहात पाय कापावे लागणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या बाबतीत आधी साधा व्रण झालेला असतो. तो व्रण वेळेवर धुणारी बाई कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त पाय वाचवेल. तिच्याशेजारी मऊ रबराच्या चपला शिवणारा कारागीर बसवा. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांनाही याच चपला लागतात, आणि पूर्व विदर्भाला तो रोग नवा नाही.

कार्यशाळेतल्या निम्म्या बाकांवर पाय गेलेलीच माणसं असावीत, हे मी मुद्दाम म्हणतो. खोबण कुठे चावते हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. "जमेल का त्यांना?" असं विचारणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला जाऊन यावं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि बोटं झडलेल्या माणसांनी आनंदवनात विहिरी खोदल्या, भिंती रचल्या, माग चालवले. त्यांच्या अवयवांचे टक्के कोणी काढत बसलं असतं तर ते सगळे पेन्शनवर गेले असते.

खर्चाचं विचाराल तर एक खोली. प्लास्टरच्या गोण्या, भट्टी, व्हॅक्युम पंप, रबर, कानशी, पट्ट्यांसाठी चामडं, एचडीपीईचे पाइप. चालून पाहायला दोन समांतर दांड्या आणि त्यांच्या टोकाला एक मोठा आरसा. थोडी माती आणि पाणीही ठेवा, म्हणजे पाऊल चिखलात कसं पडतं ते तिथेच बघता येईल. आठवड्यातून एक दिवस देवरी किंवा सालेकशाकडे जायला गाडी. आणि त्या खोलीच्या दाराला पायरी नको.