संगणकाचे विरजण

रात्री दुधाला विरजण लावणाऱ्या घरात एक काळजी हमखास घेतली जाते. दही संपण्यापूर्वी चमचाभर दही वाटीत बाजूला काढून ठेवतात. ते राहिले नाही, तर दूध पातेलेभर असूनही दही लागत नाही. वाटी घेऊन शेजारी जावे लागते. संगणकाच्या मदरबोर्डावरही असेच एक विरजण असते. त्यातला चमचाभर भाग बाजूला राखण्याची सोय प्रत्येक मदरबोर्डावर, आणि स्वस्त मदरबोर्डांवर तर नक्कीच, असली पाहिजे असे माझे मत आहे. हे मत कसे बनले ते सांगतो. त्यात माझी एक फजितीही आहे.

बटण दाबताक्षणी प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. कळफलक कोठे, पडदा कोठे, चकती कोठे, यातले काही नाही. ठरावीक पत्त्यावरची पहिली आज्ञा उचलावयाची, एवढेच त्याच्या रचनेत असते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या प्रोसेसरला १०,४८,५७६ बाइटांपर्यंतचे पत्ते समजत. चालू होताच तो शेवटच्या १६ बाइटांपाशी जाई आणि तेथली आज्ञा त्याला बायॉस नावाच्या आज्ञावलीकडे पाठवी. ती सारी आज्ञावली अवघ्या ८ किलोबाइटांची होती. आजच्या मदरबोर्डावरची तिची वारसदार १६ किंवा ३२ मेगाबाइटांच्या चिपेत राहते, म्हणजे जागा निदान दोन हजार पटींनी वाढली. यंत्रालाच जडवलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. तिच्यावाचून विंडोज किंवा लिनक्स चकतीवर सुखरूप असूनही जागे होऊ शकत नाही.

पूर्वी ही आज्ञावली कारखान्यातच कायमची कोरलेली असे; बदलावयाची तर चिपच बदलावी लागे. १९७१ साली इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी पुसता येणारी चिप तयार केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे आणि तीतून अतिनील किरण काही मिनिटे सोडले की जुना मजकूर जाई. पुढे १९८४ साली तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. तीत खिडकी नको, दिवाही नको. विजेनेच लिहावयाचे आणि विजेनेच पुसावयाचे. १९९० च्या दशकात ही स्मृती मदरबोर्डावर आली आणि घरबसल्या फर्मवेअर बदलण्याची सोय झाली. धोकाही तेथेच जन्मला.

तो धोका भौतिकशास्त्रातच आहे, म्हणून येथे थोडे थांबू. फ्लॅश स्मृतीच्या प्रत्येक घरात एक सूक्ष्म पत्री असते. तिला विद्युत्‌रोधक थराने चहूबाजूंनी वेढलेले असते. तिच्यावर इलेक्ट्रॉन कोंडले तर ते घर ० वाचले जाते, काढून घेतले तर १. गंमत अशी, की लिहिताना फक्त १ चा ० करता येतो. ० चा १ करावयाचा तर एकेक घर निवडता येत नाही. ४ किलोबाइटांचा किंवा त्याहून मोठा खंडच्या खंड एकदम पुसावा लागतो. पाटीवर नवे गणित मांडण्यापूर्वी जुने पुसून टाकावे लागते तसेच हे आहे. म्हणजेच प्रत्येक नूतनीकरणात असा एक काळ येतोच, की ज्या वेळी जुने गेलेले असते आणि नवे आलेले नसते. नेमकी तेव्हा वीज गेली, तर पुढच्या वेळी प्रोसेसर आपल्या ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तेथे त्याला अर्थहीन मजकूर मिळतो, किंवा नुसते एकावर एक १ मिळतात.

मग या भानगडीत पडावेच कशाला? कित्येक शिक्षक विद्यार्थ्यांना हाच सल्ला देतात. मला तो अर्धाच पटतो. नवी आवृत्ती निघाली म्हणून केवळ हौसेने ती चढवणे मलाही मान्य नाही. परंतु २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरांतील मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले, तेव्हा त्यांवरच्या उपायाचा काही भाग फर्मवेअरमधूनच आला. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेऊन अस्थिर होऊ लागले. त्यावरचा इलाजही बायॉसच्या नव्या आवृत्तीतूनच द्यावा लागला. अशा वेळी हात बांधून बसणे म्हणजे शहाणपण नव्हे.

आता फजिती. २०२१ साली आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकात नवा प्रोसेसर बसवावयाचा होता. मदरबोर्डाला त्याची ओळख पटावी म्हणून आधी फर्मवेअर बदलणे आवश्यक होते. मी काम सुरू केले. पडद्यावरची पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि थांबली. एक मिनिट, दोन मिनिटे, चार मिनिटे! वर्गात ज्या मुलांना मी धीर धरावयास सांगतो, ती मुले शेजारीच उभी होती. मी बटण दाबून संगणक बंद केला. वीज गेली नव्हती. ती मीच घालवली. पुन्हा चालू केल्यावर पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला.

प्रथम मी बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून परत बसवली. हा उपाय सगळेच सांगतात. त्याने घड्याळ आणि निवडलेल्या मांडण्या पुसल्या जातात. एखादी मांडणी चुकली असेल तर गुणही येतो. पण बिघडलेली आज्ञावली फ्लॅश चिपेत असते आणि ती चिप बॅटरीवर अवलंबून नसते, हे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या ध्यानात यावयास हवे होते! दुरुस्तीवाल्याने बोर्ड ‘गेला’ म्हणून सांगितले. तो निर्लेखनाच्या यादीत गेला आणि पाच महिने कपाटात पडून राहिला.

त्याला उठवले आमच्या तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने. पाच-सहाशे रुपयांच्या आसपास मिळणारे चिप लिहिण्याचे उपकरण आणि आठ पायांना धरणारा चिमटा तिने आणला. बोर्डाची वीज तोडली, बॅटरी काढली, भिंगाने चिपेवरचा क्रमांक वाचला. हे शेवटचे काम महत्त्वाचे आहे. काही चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ व्होल्टच्या, दुसरीला पहिलीचे व्होल्टेज दिले तर ती खरोखरच मरते. मग तिने बिघडलेला मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती ताडून पाहिल्या आणि जपून ठेवल्या. मी विचारले, “कचरा कशाला जपतेस?” ती म्हणाली, “सर, या बोर्डाचा स्वतःचा क्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता यातच असू शकतो.” त्यानंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावरील आज्ञावली लिहिली, पुन्हा वाचून पडताळली, आणि बोर्ड उठला. शेजारच्या संगणकाकडून वाटीभर विरजण आणले, एवढाच याचा अर्थ.

ही युक्ती नवी नाही. १९९८ साली तैवानमध्ये निघालेला सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला आणि त्याने जगभर कित्येक संगणकांचे बायॉस खराब केले. त्या काळी पुष्कळ बोर्डांवर चिप खाचेत बसवलेली असे. काही धाडसी तंत्रज्ञ त्याच जातीचा चांगला संगणक चालू करून त्याची चिप चालू स्थितीतच अलगद काढीत, तेथे मेलेली चिप बसवीत आणि तीत नव्याने लिहीत. आता बहुतेक चिपा डाख देऊन पक्क्या केलेल्या असल्यामुळे चिमटा लागतो.

पण प्रत्येक शाळेत चिमटा आणि तशी विद्यार्थिनी कोठून असणार? म्हणूनच माझा रोख उत्पादकांवर आहे. उपाय त्यांच्याजवळ आहे. काही बोर्डांवर दोन चिपा असतात; एक नासली तर दुसरी काम चालवते. काहींच्या मागील बाजूस एक बटण असते. ठरवलेल्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर घालून ते दाबले, की बोर्डावरचा एक छोटा स्वतंत्र नियंत्रक ती चिपेत उतरवतो. प्रोसेसर बसवलेला नसला तरी चालते. मात्र बहुधा ही सोय महागड्या बोर्डांवर आढळते. महागडा बोर्ड घेणाऱ्याकडे यूपीएसही असतो. स्वस्त बोर्ड जातो तो खेड्यातील शाळेत, जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. छत्री बंगल्यात आणि पाऊस झोपडीत, असा हा प्रकार आहे. स्पर्धेत एकेक रुपया मोजावा लागतो, असे उत्पादक म्हणतील. तथापि अशी चिप किरकोळ बाजारातही शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळते. शिवाय २०१६ पासून अँड्रॉइडमध्ये प्रणालीच्या दोन प्रती ठेवून न वापरातील प्रतीवर नवे लिहिण्याची सोय आहे, आणि ती असलेले कित्येक फोन पुष्कळ स्वस्त आहेत. फोनला जमते ते मदरबोर्डाला न जमण्याचे कारण मला दिसत नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? बोर्डावर छापलेले नाव त्यातील आवृत्तीच्या अंकासह उतरवून घ्यावे, फाइल उत्पादकाकडूनच घ्यावी, आणि मागे परतता येते की नाही ते तिच्यासोबतच्या टिपणात वाचावे. काही आवृत्त्या परतू देत नाहीत. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली आधी कागदावर लिहून ठेवावी. यूपीएस मागून आणावा. पट्टी थांबली तर हात खिशात घालावेत. अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

आणि शिक्षकांसाठी एक: संगणक-खरेदीची दरपत्रके मागवताना ‘फर्मवेअर बिघडल्यास प्रोसेसरविना पुन्हा भरण्याची सोय असावी’ ही ओळ घालावी. यंदा आमच्या विभागाच्या मागणीपत्रात मी ती घातली. लेखापालांनी विचारले, “हे बटण रोज लागते का?” मी म्हटले, “नाही. जिन्यातला अग्निशामकही रोज लागत नाही.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि कागद पुढे सरकवला.