एदलाबादच्या आमदार

हा अंक आम्ही प्रतिभाताई पाटील यांच्यावर काढला आहे. २००७ साली त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला ओढ आहे ती आधीच्या वर्षांची: नाडगावचा जन्म, १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावची आमदारकी, मग १९८५ पर्यंत एदलाबादचे (म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे) प्रतिनिधित्व. मुक्ताईनगरच्या सहकारी साखर कारखान्यासाठीही पुढाकार त्यांचाच. पुरुषोत्तमनगरात, कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या आपल्या वाचकांना त्याचे मोल आणि त्यातले अवघड प्रश्नही वेगळे सांगायला नकोत.

ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा महिलांच्या आहेत, पण कारभार अनेकदा घरातले पुरुषच पाहतात. हे आम्हाला खुपते, म्हणून प्रतिभाताईंचा हा विषय आत्ता. तुमच्या गावच्या महिला सरपंचांचे अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा.