नानांची वही आणि माझा कोड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घरचाच.

आमचं गाव धारूर तालुक्यातलं. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. नाना, म्हणजे माझे चुलते, मुकादम. कुठल्या कोयत्याला (नवरा-बायकोच्या जोडीला) किती उचल दिली, किती टन तोडणी झाली, किती उचल फिटली, सगळं त्यांच्या वहीत. एका पावसाळ्यात वही भिजली, तेव्हा मी त्यांना एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. आता इतर मुकादमही तो मागतात. मित्र म्हणाला, ओपन सोर्स करून टाक की!

महिनाभर टाळलं. कोड गबाळा आहे, उद्या कोणी तो विकून पैसे कमावेल... कारणं तयार होती. लिनस टोरवाल्ड्सनेही 1991 मध्ये लिनक्स दिलं तेव्हा त्याचे पैसे घ्यायला मनाई केली होती. 1992 मध्ये ती अट काढून त्याने जीपीएल लावलं. खुशाल विका, पण देताना बदलांसकट सोर्सही द्या.

मग एका रात्री कोड साफ करताना खरं कारण सापडलं. खाड्याची ओळ. जोडीतलं एक जण तापाने पडलं तरी दंड पूर्ण कोयत्याचा, तोही थेट उचलीत मिळवायचा. नानांनी सांगितलं, मी टाइप केलं. वहीत तो खाडा निदान दिसत तरी होता. माझ्या प्रोग्राममध्ये फक्त शेवटचा आकडा दिसतो. लाज मला कोडची नव्हती, त्या एका ओळीची होती.

म्हणून माझं मत असं: गेम लिहिला आणि झाकून ठेवला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण ज्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या अंगावरचं कर्ज ठरतं, तो उघडाच हवा. अर्थात फडातली बाई कोड थोडीच वाचणार? म्हणून प्रत्येक कोयत्याची पावती छापायची सोय केलीय; टन, उचल, खाडा सगळं वेगवेगळं. आजारपणाचा खाडा काढून टाकलाय. लोकांची नावं आणि आकडे नानांच्याच कॉम्प्युटरवर राहतील, बाहेर जाईल तो फक्त कोड.

नाना भडकले. "तुला काय व्हतंय पुण्यात बसून? उचल घेऊन कोणी पळालं तर कारखान्याला मी भरायचे!" खोटं नाही तेही. पण मग तेही कागदावर दिसू दे.

असो. रविवारी जीपीएल लावून कोड खुला करतोय. नानांनी बोलणं टाकलं तर काकूंनी मध्ये पडावं, ही नम्र विनंती :)